नाटक सांभाळून मालिका करावी का, आणि कॅमेऱ्यापुढे ‘नाटकी’ दिसणं कसं जाईल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सत्तावीस वर्षांचे, पुण्यातल्या एकांकिका स्पर्धांमधून घडलेले नट आहेत. सध्या एका व्यावसायिक नाटकात महत्त्वाची भूमिका करतात आणि मुंबईत चित्रित होणाऱ्या एका दैनंदिन मालिकेत त्यांना काम मिळतं आहे. चाचणी पाहून दिग्दर्शक म्हणाले, “नाटकी वाटतंय, जरा कमी करा.” घरचे म्हणतात नाटक सोड, नाटकातले म्हणतात मालिकेनं नट बिघडतो. पुढे रंगभूमी, मालिका, चित्रपट असं सगळीकडे निरनिराळ्या भूमिका करणारा नट व्हायचं, ही त्यांची खरी इच्छा आहे.

मालिका घ्यावी की नाही, याचं थेट हो-नाही उत्तर मी देत नाही. ते तीन गोष्टींवर ठरतं आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत: महिन्याला किती तारखा, म्हणजे चित्रीकरणाचे दिवस, मागितल्या आहेत, नाटकाचे निर्माते बदली कलाकार तयार ठेवायला राजी आहेत का, आणि तुमच्या घरचा खर्च किती महिने कामाशिवाय निघू शकतो. बाकीचं मात्र सविस्तर सांगता येईल.

आधी ते ‘कमी करा’. नाटकातून आलेल्या नटाला सेटवर सगळ्यात जास्त वेळा मिळणारी ही सूचना आहे आणि ती जशीच्या तशी पाळली तर नुकसान होतं. नट आवाज खाली आणतो, चेहरा आवळतो आणि त्याबरोबर त्या प्रसंगात समोरच्याकडून आपल्याला काय हवं आहे तेही सोडून देतो. मग पडद्यावर नाटकीपणा दिसत नाही, पण माणूसही दिसत नाही. कमी करायची असते ती फक्त पोहोचवण्याची मेहनत. हजार आसनांच्या नाट्यगृहात शेवटची रांग तुमच्यापासून वीस-पंचवीस मीटरवर असते, वर बाल्कनी असते. क्लोज-अपमध्ये, म्हणजे फक्त चेहरा दिसतो त्या शॉटमध्ये, प्रेक्षक हातभर अंतरावर आलेला असतो. ओढ तीच ठेवायची, ती किती दूर पाठवायची तेवढं बदलायचं.

हे नेमकं कुठे दिसतं ते पाहा. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. ‘मी तुझ्या घरी येणार नाही’ यातलं ‘नाही’ मागच्या रांगेत पोहोचलं नाही तर वाक्य उलटं होतं. म्हणून रंगमंचावर वाक्याचं शेपूट उचलून धरायची सवय लागते आणि ती योग्यच आहे. कॅमेऱ्यापुढे कॉलरला माइक असतो, तिथे तीच सवय भाषणासारखी ऐकू येते. तेव्हा शेवटचा शब्द उचलू नका, सहज खाली बसू द्या. पण गिळू मात्र नका. ‘नैसर्गिक’ बोलायच्या नादात पुष्कळ नट शेवटची दोन अक्षरं खातात आणि मग डबिंगमध्ये तेच वाक्य दहा वेळा घ्यावं लागतं.

दुसरी खूण मानेची. नाटकात प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाबरोबर मान किंवा भुवई हलते, कारण दुरून ओठ दिसत नाहीत आणि कोण बोलतो आहे ते कळावं लागतं. क्लोज-अपमध्ये कपाळ पडद्याचा तिसरा भाग व्यापतं, तिथे भुवई उडाली की प्रेक्षकाचं लक्ष डोळ्यांवरून सुटतं.

यासाठीचा सराव घरी होतो. आपल्या पाठ असलेल्या भूमिकेतला आठ-दहा ओळींचा तुकडा घ्या. फोन डोळ्यांच्या उंचीवर स्टँडवर लावा आणि शेजारी एका माणसाला बसवा, ज्याच्याशी तुम्ही बोलणार. पहिल्यांदा अख्खं शरीर दिसेल असं दहा फुटांवरून, मग कमरेपासून वर, मग फक्त चेहरा. तिन्ही वेळा त्या माणसाकडून तीच गोष्ट मिळवायची आहे, आवाज मात्र त्याला ऐकू जाईल एवढाच. नंतर आधी आवाज बंद करून चित्र पाहा, मग डोळे मिटून नुसतं ऐका. दोन्ही एकत्र पाहिलं की आपण स्वतःच्या कामात रमतो आणि दोष सुटतात. एका वेळी एकच गोष्ट बदला. भुवई, मान आणि वाक्याचा शेवट अशी तिन्ही एकदम सुधारायला गेलात तर चेहरा लाकडी होईल. रोज अर्धा तास दिला तर साधारण तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो.

सेटवर पहिला प्रश्न कॅमेरामनला विचारायचा: “फ्रेम कुठपर्यंत?” छातीपर्यंत म्हणाले तर हातांचं काम वाया जाणार आहे, हे आधीच कळतं. मार्कवर, म्हणजे नटानं थांबायच्या जमिनीवरच्या खुणेवर, येण्यासाठी मार्कपासून उलटं चालत जाऊन पावलं मोजून ठेवा आणि एखाद्या खुर्चीची कड किंवा दाराची चौकट डोळ्यांच्या कोपऱ्यात पकडा, म्हणजे येताना खाली पाहावं लागत नाही. क्लोज-अपमध्ये समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांत आलटून पालटून पाहिलं की बुबुळं भिरभिरताना दिसतात. लेन्सच्या जवळचा एक डोळा निवडा आणि तिथेच राहा. बसताना-उठताना नेहमीपेक्षा किंचित संथ, नाहीतर डोकं फ्रेमबाहेर जातं. एकट्याच्या क्लोजमध्ये समोरच्याच्या वाक्यावर चढून बोलू नका. दोघांचे आवाज एकमेकांत मिसळले की संकलकाला तिथे कापता येत नाही आणि तुमचा चांगला टेक बाद होतो.

आणि कंटिन्युइटी. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा प्रसंग एकदा दुरून घेतात त्यात, चहाचा कप कोणत्या शब्दावर उचलला, कोणत्या हातानं, कुठल्या शब्दावर ठेवला, हे पुढच्या प्रत्येक क्लोजमध्ये तसंच यावं लागतं. नाटकात हालचाल संवादाला बांधायची शिस्त असते, तिचा इथे थेट फायदा होतो आणि या बाबतीत नाटकातला नट इतरांपेक्षा पुढे असतो. मास्टरमध्ये तेवढ्याच क्रिया ठेवा ज्या सहा वेळा बिनचूक करता येतील. रडण्याचा प्रसंग असेल तर मास्टरमध्ये सगळं ओतू नका. सकाळी अकराला मास्टर झाला आणि तुमचा क्लोज जेवणानंतर आला, असं सर्रास होतं. तोवर जवळ काही शिल्लक हवं.

पाठांतराची पद्धतही बदलावी लागते. नाटकाच्या तालमी महिना-दीड महिना चालतात, संवाद हालचालींबरोबर अंगात मुरतात. दैनंदिन मालिकेत कागद कधी कधी सीनच्या अर्ध्या तास आधी हातात पडतात. अशा वेळी आधी एकदा वाचून या सीनमध्ये मला काय हवं आणि शेवटी ते मिळालं की नाही, एवढं ठरवायचं. मग समोरच्याच्या वाक्याचा शेवटचा शब्द आणि आपल्या वाक्याचा पहिला शब्द अशा जोड्या पाठ करायच्या. मग सगळं सपाट, भरभर, कोणताही सूर न लावता तीनदा म्हणायचं. सूर लावून पाठ केलं की तो गोठतो. मग समोरच्यानं वेगळं काही केलं तरी तुम्ही तुमच्याच सुरात उत्तर देत राहता, आणि दिग्दर्शकाला ‘नाटकी’ वाटलेलं बऱ्याचदा हेच असतं. चाचणीला तुम्ही तुकडा घरून सूर लावूनच पाठ करून गेला असाल तर दोष मोठा नाही, सुटण्यासारखा आहे.

चित्रपटात अडचण वेगळी असते, कारण तिथे सीन उलटसुलट क्रमानं घेतले जातात. शेवटचा प्रसंग पहिल्या आठवड्यात होऊ शकतो. त्यासाठी एका वहीत प्रत्येक सीनपुढे चार नोंदी ठेवा: मी कुठून आलो, मागच्या सीनला किती काळ झाला, शरीराची अवस्था काय, आणि मला आत्तापर्यंत काय माहीत आहे. चौथी नोंद सर्वांत महत्त्वाची. जे पात्राला अजून कळलेलं नाही ते नटाच्या डोळ्यांत दिसलं की सीन पडतो.

आता अष्टपैलू होण्याबद्दल. मेकअप, मिशी, चष्मा बदलला की भूमिका बदलली, असा समज आहे. मी उलट्या बाजूनं पाहायला सांगेन. डॉ. जब्बार पटेल यांचे १९७५चा ‘सामना’ आणि १९७९चा ‘सिंहासन’ हे दोन चित्रपट लागोपाठ पाहा, आणि फक्त निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांच्यावर नजर ठेवा. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे-पाटील सत्ता बाळगून असलेला माणूस आहे. लोक त्याच्याकडे येतात, त्याला कुठे जायची घाई नाही. ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू टिपणीस दुसऱ्यांच्या दारात जाणारा, बघणारा, ऐकणारा. नट एकच, पण कोण कोणाकडे जातो, कोण आधी बोलतो, कोण नजर आधी काढून घेतो, हे सगळं उलटं झालेलं आहे. लागूंचंही तसंच: तिथे दारूत बुडालेला मास्तर, इथे मुख्यमंत्रिपदावर डोळा असलेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे. ग्रामीण खलनायक म्हणून ज्या निळू फुल्यांना महाराष्ट्र ओळखायचा, त्यांनीच १९७२ साली रंगमंचावर तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर उभा केला होता. त्यांची सुरुवात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आणि लोकनाट्यातून झाली. म्हणजे समोर बसलेल्या माणसांशी थेट बोलायची सवय आधीपासून होती. तिच्यामुळे कॅमेऱ्यापुढे अडचण होत नाही, ती कुठे आवरायची ते कळलं की झालं.

डॉ. लागूंच्या वाटचालीकडे तुम्ही वयाच्या हिशेबानं पाहा, कारण तुमच्या पत्रात घाई जाणवते. त्यांचा जन्म १९२७चा. ते कान-नाक-घशाचे शस्त्रक्रियातज्ज्ञ होते. पुण्यात भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं हौशी नाटकं केली आणि पूर्णवेळ नट झाले ते १९६९मध्ये, चाळिशी उलटल्यावर. १९७०च्या डिसेंबरात ‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं. १९७२मध्ये ‘पिंजरा’, नंतर ‘सामना’, १९७७च्या हिंदी ‘घरौंदा’साठी सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर, १९८२च्या ‘गांधी’मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांची छोटीशी भूमिका. यातून मी घेतो ते हे की पडदा मिळाल्यावर त्यांनी रंगमंच सोडला नाही, आणि लहान भूमिकेला लहान मानलं नाही. ‘नटसम्राट’सारखी भूमिका शरीराकडून किती घेते, हेही ध्यानात ठेवा. त्या भूमिकेत पुढे दत्ता भट आणि इतर नटही उभे राहिले. मोठी भूमिका दुसऱ्यानं केली म्हणजे आपली गेली, असं मराठी रंगभूमीवर होत नाही. बदली कलाकाराला तुम्ही जो विरोध करत असाल तो सोडा.

तिसरं उदाहरण दिलीप प्रभावळकरांचं. बालनाट्यातली चेटकीण, दूरदर्शनवरचा चिमणराव, १९९१च्या ‘चौकट राजा’तला नंदू, ‘झपाटलेला’तला तात्या विंचू, मालिकेतले आबा टिपरे, २००६च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी. ‘हसवाफसवी’त तर त्यांनी एकाच प्रयोगात सहा भूमिका केल्या. एका प्रयोगात सहा माणसं उभी करायची तर मेकअपला मिनिटंच मिळतात. मग फरक येतो तो चालीतून, श्वासातून, आवाजाच्या पट्टीतून.

हेच तुम्ही सरावात आणू शकता. प्रत्येक नव्या भूमिकेसाठी तालमीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत चार गोष्टी ठरवा. चालण्याचा वेग, आणि वजन टाचेवर की चवड्यावर. श्वास छातीत अडकलेला की पोटापर्यंत जाणारा. बोलण्याची पट्टी आणि प्रदेश. आणि या माणसाच्या कामानं त्याच्या हातांचं काय केलं आहे: शिंप्याचे, कारकुनाचे, पैलवानाचे हात टेबलावर वेगवेगळे पडतात. बोलीसाठी नुसतं ‘हाय-न्हाय’ करू नका. कोल्हापुरी, वऱ्हाडी, मालवणी, जी हवी ती बोलणाऱ्या माणसाकडून आपले संवाद ध्वनिमुद्रित करून घ्या आणि त्याशिवाय दहा मिनिटं त्याच्या मनाचं काहीही बोलू द्या. संवादातून शब्द मिळतात, त्या मोकळ्या बोलण्यातून हेल मिळतो. वऱ्हाडच्या प्रेक्षकाला खोटा हेल पहिल्या वाक्यात कळतो आणि पुढचा प्रयोग तो तुमचं ऐकत नाही.

मालिकेनं नट बिघडतो का? बिघडू शकतो, आणि कारण ठाऊक असलं तर टाळता येतं. दीड-दोन वर्षं एकच पात्र, त्याच खोल्या, प्रत्येक सीनच्या शेवटी चेहऱ्यावर कॅमेरा थांबणार म्हणून धरून ठेवलेली तीच प्रतिक्रिया. हळूहळू ती प्रतिक्रिया नाटकातही डोकावते. उपाय असा की त्याच काळात रंगमंचावर वेगानं आणि स्वभावानं उलटी भूमिका चालू ठेवायची. मालिकेत रागीट, तडफदार असाल तर नाटक किंवा एखादं अभिवाचन संथ, ऐकणाऱ्या माणसाचं घ्या. महिन्याला चार प्रयोग पुरतात. पण शून्य नकोत.

तेवढे प्रयोग मिळण्यासाठी तारखांचं गणित करारातच बसवा. तोंडी ‘सोडू हो आम्ही शनिवार-रविवार’ यावर विसंबू नका. भाग कमी पडले की तो शब्द सगळ्यात आधी जातो. महिन्याच्या किती तारखा, प्रयोगाच्या दिवशी किती वाजता मोकळं करणार, आणि प्रयोगांची यादी तुम्ही किती दिवस आधी द्यायची, हे लिहून घ्या. महिनाभर आधी यादी दिली तर बहुतेक वेळा जमवून घेतात, आठवडा आधी दिली तर नाही. चित्रीकरण घोडबंदर रस्ता किंवा मढ बेटावर आणि प्रयोग पुण्यात बालगंधर्वला रात्री नऊला असेल तर दुपारी एकच्या पुढे सेटवर थांबू नका. शनिवारी घाटात गाड्या अडकतात, आणि पडदा उघडण्याच्या दीड तास आधी तुम्ही रंगपटात हवेत. पुण्याचा प्रयोग आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातची शिफ्ट एकत्र घेऊ नका. त्यात झोप जाते आणि पाठोपाठ आवाज जातो.

पैशाची चाल दोन्हीकडे वेगळी आहे. नाटकाची नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, प्रयोग झाला की हातात येते. मालिकेचे पैसे दिवसावर ठरतात, पण मिळतात पुष्कळदा नव्वद दिवसांनी, आणि कर कापून. म्हणजे पहिले तीन महिने तुम्ही रोज काम करत असाल आणि हातात काहीच नसेल, वर मुंबईत राहायचा खर्च. निदान चार-पाच महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर नाटकाच्या नाइट सोडणं परवडणारच नाही. करारात आणखी दोन कलमं शोधा: मालिका चालू असताना दुसऱ्या वाहिनीवर किंवा चित्रपटात काम करायला बंदी आहे का, आणि तुम्हाला बाहेर पडायचं असेल तर किती दिवसांची सूचना द्यायची. रंगभूमी त्या बंदीतून स्पष्ट शब्दांत वगळून घ्या.

आवाज. बारा-तेरा तासांच्या शिफ्टमध्ये तो वातानुकूलित हवेनं आणि गप्पांनी थकतो, प्रयोगात जोरानं. प्रयोगाआधी पंधरा-वीस मिनिटं द्या: आधी ओठ मिटून गुणगुणणं, मग ओठ फुरफुरवत खालून वर आणि वरून खाली सूर, मग मोठ्यानं स्वर आणि व्यंजनं, शेवटी रंगमंचावर उभं राहून शेवटच्या रांगेतल्या माणसाला दोन वाक्यं. दिवसभर थोडं थोडं पाणी. घसा सारखा खाकरू नका, त्यानं स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. आवाज बसला की कुजबुजून बोलणं बरं असं वाटतं, पण कुजबुजण्यानंही ताण पडतो. शक्य तितकं गप्प राहणं हाच उपाय. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या खाऊन प्रयोग ओढू नका. दुखणं जाणवत नाही म्हणून जोर वाढतो आणि गाठी येण्याचा धोका असतो. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं स्वरतंतू पाहून घ्याच.

आता क्रम लावायचा तर: आधी नाटकाच्या निर्मात्यांशी बोला आणि बदली कलाकाराच्या तालमी सुरू करायला सांगा. मग मालिकेकडून तारखा आणि मोकळं होण्याची वेळ लेखी मागा. फोनसमोरचा सराव आजच सुरू करा, म्हणजे पुन्हा चाचणीला बोलावलं तर तयारी असेल, आणि तिथे जाताना तुकडा सूर न लावता पाठ करून जा. तारखा पंचवीसच्या वर मागत असतील आणि प्रयोगाच्या दिवशी सोडण्याबद्दल काहीच लिहून द्यायला तयार नसतील, तर तुमचं नाटक चालू असेपर्यंत ही मालिका घेऊ नये, असं माझं मत आहे. अठरा-वीस तारखा आणि दुपारी मोकळं होण्याची हमी असेल तर जरूर घ्या. करारातल्या तारखांचा आणि बंदीचा मजकूर, नावं काढून, इथे टाकलात तर त्यातल्या कोणत्या ओळी बदलून घ्यायच्या ते सांगेन.